बगळा, हवालदार आणि फलाट चार

३ जानेवारी २०२५, खामगाव

सकाळी ज्वारीची अर्धी भाकर, वांग्याची भाजी, बिनसाखरेचा चहा. दुपारी तेच. संध्याकाळी तेच.

डॉक्टर म्हणाला, आजी, रोज काय खाल्लं ते लिहून आणत जा, म्हणजे साखर कशानं वाढते ते कळेल. म्हणून ही वही. वही दोनशे पानांची आहे आणि माझं खाणं तीन ओळींत संपतं. उरलेल्या जागेचं काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही.

मी चौथी शिकलेली. लिहायला बसले की हात गुरुजींनी वळवला तसाच वळतो. तोंड मात्र कोणी वळवू शकलं नाही.

दहाला स्टँडवर गेले, दोनला परत आले. रोजचंच. शेजारची आशाबाई फाटकात उभी होती. "रोज रोज स्टँडवर काय ठेवलं वो तुमचं? कोठी जाणं ना येणं!"

मी म्हटलं, तिथं पंखा आहे.

"जानेवारीत पंखा?"

या बाईला दुसऱ्याच्या घरातलं ऊन-थंडी बरोब्बर कळते.

६ जानेवारी

मेथी, भाकर. एक पेढा. मेहकरच्या एका बाईनं दिला, तिला नातू झाला म्हणून. लिहावा की नाही असा विचार केला. लिहिला.

फलाट चारसमोरचा बाक तीन माणसांचा आहे. मी कडेला बसते आणि शेजारच्या जागेवर दस्ती, शहरात रुमाल म्हणतात ती, टाकून ठेवते, लोक एसटीच्या खिडकीतून टाकतात तशी. दस्ती पाहिली की लोकांना वाटते, कोणीतरी येणार आहे. मग बरी बाई दिसली, लेकराची, पिशव्यांची, की दस्ती उचलायची. बस माय. ती बसते. कोठल्या गावची, कोणाची लेक, कोणाच्या घरी दिली, सगळं गाडी लागेपर्यंत निघते. जागा अशी राखली नाही तर कोणीही येऊन बसते, तंबाखू मळते आणि शब्द बोलत नाही. माणूस निवडून घ्यावा.

आज दोघी बसल्या. काल कोणी नाही. काल लोकच कमी होते.

चौकशीच्या खिडकीतले महादेवराव जेवायला गेले की मला सांगून जातात, "रुक्मिणीबाई, लक्ष ठेवजा." खिडकीतला तक्ता मागच्या सालचा आहे. माझ्या डोक्यातला यंदाचा. मेहकर अकरा दहा, फलाट चार. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. विचारत नाही कोणी, ती गोष्ट वेगळी.

११ जानेवारी

उद्या काजल येणार. माझ्या हरिओमची पोरगी. पुण्याला फोटो काढायचं शिकते. तीन वर्षं झाली, अजून शिकूनच राहिली आहे. आमच्या वेळचा फोटोवाला दोनच गोष्टी शिकून आला होता: टोपी सरळ करा, हलू नका.

दिवाळीला आली नव्हती. तिला हरभऱ्याची ओली भाजी लागते म्हणून बाजारातून आणली. विळीवर चिरताना अंगठा कापला. चांगला खोल. हळद भरून धोतराची चिंधी बांधली. यांचं धोतर. माणूस जाऊन सहा वर्षं झाली, कापड अजून मजबूत आहे.

हरभऱ्याच्या भाजीनं साखर वाढत नाही असं आशाबाई म्हणते. डॉक्टर झाली आहे.

१२ जानेवारी

काजल पावणेतीनला आली. मी दोनलाच स्टँडवरून परतले होते. म्हणे, ट्रॅव्हल्स जालन्याजवळ बंद पडली. तोंड सुकलेलं. भाजी तव्यावर पुन्हा गरम केली, पण अर्धीच खाल्ली. माझ्या अंगठ्याची चिंधी सोडून पर्समधली चिकटपट्टी लावली. बराच वेळ बोट धरून बसली.

"काय पाहून राह्यली?"

"काही नाही. आजी, तू रोज जाते का स्टँडवर?"

"तुले कोणं सांगितलं?"

"आशाकाकू बोलली."

आशाबाईच्या तोंडाला झाकण शोधून राहिले, गावात मिळत नाही.

१३ जानेवारी

काजलनं फाइल दाखवली. रस्त्यावरचे फोटो काढणारे चार मोठे फोटोग्राफर, सगळे परदेशातले. त्यांच्या पद्धती एकमेकांशी ताडून पाहायच्या आणि मग स्वतः तसे फोटो काढायचे, हा तिचा शेवटच्या वर्षाचा अभ्यास.

"रस्त्यावरचे म्हणजे? लोकाइले विचारून?"

"नाही ना आजी, न विचारता. विचारलं की माणूस बदलते."

"न विचारता घेते त्याले आमच्यात दुसरा शब्द आहे."

हसली. म्हणाली, सगळ्यांच्या फोटोंचं शेवटी एक प्रदर्शन आहे. कोलकात्याचे कोणी मोठे फोटोग्राफर येणार आहेत. भिंतीवरचा एकेक फोटो पाहून ते एकाला निवडणार आणि वर्षभर आपल्या हाताखाली ठेवणार. वर्गात बत्तीस जणं.

"तुह्या नंबर लागीन?"

"एक फोटो आहे. लागू शकते."

कोणता, ते सांगितलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाची अर्धी वडी. गल्लीत बायका वाणाची ताटं घेऊन इकडून तिकडं. मला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही, बोलवलं तरी जाऊन करायचं काय. काजलला घेऊन स्टँडवर गेले. तीच शेजारी बसली. कॅमेरा गळ्यात होता, चार-दोन काढले, मला दाखवून काढले. आज दस्ती पिशवीतून काढलीच नाही.

१५ जानेवारी

काजल गेली. भाकर, पिठलं.

२२ जानेवारी

काजलची फाइल इथंच राहिली. फोनवर म्हणाली, तिच्याकडं दुसरी आहे, तू पाहत जा. आता टीव्ही बंद आहे, म्हणून पाहिली. नावं इंग्रजीत लिहिलेली. मला येत नाहीत. मी माझी ठेवली.

पहिला बगळा. हा आधी जागा पाहून ठेवतो. एखादा जिना, एखादी भिंत. आणि तिथं उभा राहतो. हलत नाही, खोकत नाही. माणूस नेमका त्या जागी आला की चोच मारतो. फोटोत माणसाचा पाय आणि जिन्याची पायरी अशा बसलेल्या असतात, जणू दोघं आधी ठरवून आले.

दुसरा हवालदार. हा हातभर अंतरावर जातो आणि तोंडावर लाइट मारतो. याच्या फोटोत सगळे आत्ताच चोरीत सापडल्यासारखे. एका म्हाताऱ्या बाईनं गळ्यातली माळ घट्ट धरली आहे. मला आधी हाच बरा वाटला. निदान समोर येतो.

तिसरा पडद्याआडचा. काचेतून काढतो, ओल्या काचेतून, दाराच्या फटीतून. लाल छत्री दिसते, अर्धी टोपी दिसते, माणूस कुठं दिसतच नाही. रंग मात्र पैठणीसारखे. याच्या हातून कोणाची बदनामी व्हायची नाही. पण उद्या फोटोतला माणूस हरवला तर पोलिसांना काही उपयोग नाही.

चौथा बाजारवाला. एका फोटोत पंधरा माणसं, कुत्रं, सायकल, आरसा. शेगावची गाडी लागली की आमचा फलाट असाच दिसतो. पाहून बरं वाटलं. मग एकेकावर बोट ठेवून पाहिलं. पंधरांतला एकही दुसऱ्याशी बोलून राहिला नाही.

फाइल मिटली. पुन्हा उघडली.

२६ जानेवारी

काजलला फोनवर नावं सांगितली. इतकी हसली की बाजूच्या पोट्ट्या काय झालं म्हणून विचारायला आल्या. "आजी, आमचे सर तासभर सांगतात अन् तू एका शब्दात! लिहून घेऊ का?"

"घे. अन् सराले सांगजो, चौथी पास आहे म्हणा."

मी विचारलं, यातला तू कोण? म्हणाली, बगळा.

बोलणं अकरा मिनिटं झालं. फोनवर दिसते ते.

४ फेब्रुवारी

पुण्याहून मोठं पाकीट आलं. फोटो, एक छापील कागद आणि काजलची चिठ्ठी. ज्याचा फोटो आहे त्यानं कागदावर सही करायची, मगच तो भिंतीवर लागेल, असा त्यांच्याकडं नियम आहे. वीस तारखेच्या आत.

फोटो माझा आहे.

लिहून ठेवते काय दिसते ते. मागं मेहकरची गाडी, पाटी स्वच्छ वाचता येते. बाक. कडेला मी. शेजारच्या जागेवर ऊन पडलेलं, दुसरीकडं कुठंच नाही, नेमकं तिथं. माझा हात वर, हातात दस्ती, तोंड उघडं. बस म्हणून झालं आहे, माय म्हणायचं राहिलं आहे. आणि जिला म्हणते आहे ती बाई, कडेवर लेकरू, पाठमोरी, एक पाय फोटोच्या बाहेर गेला. तिनं ऐकलंसुद्धा नाही.

मी त्या जागेवर अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. आरशात असं तोंड कोण करते?

खाली बारीक अक्षरात: "एक वृद्धा, बसस्थानक."

भाकर करपली. खाल्ली.

५ फेब्रुवारी

काजलचा फोन. मी नाही म्हटलं.

"काऊन आजी?"

"खालचे दोन दात नाही, दिसून राह्यलं. पदर वाकडा आहे. पूर्ण पुणं पाहीन."

"आजी, दाताकडं कोणी पाहत नाही."

"मंग कशाकडं पाह्यते?"

गप्प बसली. पोट्टी बोलण्यात हरणारी नाही. गप्प बसली म्हणजे तिला माहीत आहे.

"हा फोटो नसला तर तुह्यं काय?"

"दुसरा लावीन. मग कोलकाता विसरायचं."

विसर म्हटलं. फोन ठेवला. 

८ फेब्रुवारी

यावर उपाय मीच काढला. तिला माझा फोटोच पाहिजे ना? मग चांगला घे.

हिरवं नऊवारी नेसून शालिग्रामच्या स्टुडिओत गेले. तीस वर्षं तो खामगावचे लग्न-मुंज काढतो. विचारतो, "बाई, तेरवीसाठी का?"

"कोणाच्या बे?"

"तुमच्याच. राग नका मानू, बरं केलं आता आल्या. मांगून पोट्टे आधार कार्डावरचा मोठा करून आणतात अन् चांगलं माणूस भिंतीवर चोरासारखं दिसते."

सांगितलं, तेरवी नाही, प्रदर्शन आहे. मग तो कामाला लागला. खुर्ची दिली, हात गुडघ्यावर ठेवायला लावले, मान सरळ केली. काम्पुटरवर खालचे दोन दात घातले. मागं काश्मीर टाकला, तळं आणि होडी. मी म्हटलं, होडी काढ, मी कधी बसली नाही. "राहू द्या, मोकळं दिसते," म्हणे.

दातवाली मी बरी दिसते. मोठ्या घरची. फोटो एसटीच्या पार्सलनं पुण्याला पाठवला. महादेवरावांनी स्वतः कंडक्टरच्या हातात दिला.

११ फेब्रुवारी

काजल हसली नाही. हसली असती तर मला बोलता आलं असतं.

"आजी, लय सुंदर आहे. मी माझ्या टेबलावर ठेवला."

"टेबलावर कायले? भिंतीवर लाव."

"हा रस्त्यावरचा नाही ना. यात तू कोणाची वाट... यात तू एकटीच आहे, बसलेली."

"मंग त्यात कितीजणं आहे?"

ती म्हणाली, "राहू दे. तू नाही म्हणते तर नाही. मी कोणाले सांगणार नाही, फाडून टाकते."

मीच फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी

काही खाल्लं नाही. कारण आहे.

फोटो पाकिटात परत घालत होते. उजेडात धरला. माझ्या वर उचललेल्या हाताच्या अंगठ्याला चिंधी आहे.

ती चिंधी मी अकरा तारखेच्या संध्याकाळी बांधली. बारा तारखेला तीन वाजता काजलनंच सोडली. चिकटपट्टीच्या हातानं मी पुढं आठ दिवस फिरले. म्हणजे फोटो बारा तारखेचा. मागं मेहकर गाडी, म्हणजे अकरा दहा. आणि काजल माझ्या दारात आली पावणेतीनला. जालन्याजवळ गाडी बंद पडली म्हणे.

महादेवरावांना विचारलं, पुण्याच्या ट्रॅव्हल्स किती वाजता येतात? "दहाच्या आत सगळ्या. काऊन?" म्हटलं, सहज.

जाऊन पाहिलं, फोटो कुठून निघाला ते. पार्सल खिडकीजवळचा खांब. त्याच्यामागं माणूस उभं राहू शकते आणि माझ्या बाकावरून दिसत नाही. दहापासून दोनपर्यंत मी बाकावर होते. चार तास ती खांबामागं होती. वीस पावलं. मी मोजली.

चार तासांत मी काय काय केलं ते आठवून राहिले आहे. महादेवरावांनी चहा दिला, तो बशीत ओतून प्याले. एकदा डोळा लागला. एकदा दस्ती झटकून पुन्हा पसरली. बायका किती गेल्या, दहा असतील. त्या दिवशी कोणी बसलं नाही. हे मी वहीत लिहिलं नव्हतं, काय खाल्लं तेवढंच लिहायचं होतं.

जागा होती ना तिथं. येऊन बसली असती.

१४ फेब्रुवारी

स्टँडवर गेले नाही. आशाबाई विचारायला आली, तब्येत बरी ना? म्हटलं, पंखा बिघडला.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस फाइल घेऊन बसले. चौघांना पुन्हा पाहिलं, या वेळी खुन्नस ठेवून.

हवालदार मला आता आवडत नाही. त्याच्या फोटोतलं भ्यालेलं तोंड त्याचं स्वतःचं केलेलं आहे. तो लाइट मारतो म्हणून लोक भितात, मग तो दाखवतो, पाहा लोक कसे भ्यालेले आहेत. पडद्याआडच्याला माणसाची भीती वाटते असं माझं मत झालं. बाजारवाल्याच्या फोटोत मी असते तर पंधरांतली एक असते, कोणी माझ्यावर बोट ठेवलं नसतं. तेच बरं होतं. पण तो काही खामगावला आला नाही.

बगळ्यावर राग काढायला बसले आणि काढता आला नाही. तो काही करतच नाही. उभा राहतो. त्याच्या फोटोतलं तोंड ज्याचं त्याचं असते.

दातांचं निमित्त होतं. पदराचंही. मला घरात एकटीला गमत नाही. हे एवढंच आहे, आणि ते आशाबाईला, महादेवरावांना, चहावाल्याला, सगळ्या स्टँडला दिसत होतं. मलाच पंखा दिसत होता.

एक गोष्ट काजलच्या फाइलीत कुठंच नाही. हे चौघं फोटो काढून झाल्यावर घरी जातात. फोटोतलं माणूस तिथंच राहते.

संध्याकाळी फोन केला.

"बारा तारखेला कितीले उतरली होती तू?"

म्हणाली, "पावणेदहाले."

"अन् खांबामांगं उभी राह्यली."

"आजी, मी आधी तुले पाहून धावतच येत होती. मग तू दस्ती टाकली. अन् मी थांबली. वाटलं, आता कोणी बसंल, मग एक फोटो काढून येतो. मग कोणी बसलंच नाही. मग..."

"मंग चार तास."

"हाव." रडत होती. "मी दोनदा निघाली होती खांबामांगून."

"दोनदा निघाली अन् दोनदा थांबली. मंग घरी येऊन तुले भाजी गेली नाही. मले वाटलं मीठ जास्त झालं."

"मी तो फोटो फाडला आजी. खरंच फाडला. नको मले कोलकाता."

मला तिचं रडणं सहन होत नाही, लहानपणापासून. आवाज फार चढवते.

"गप. फाडला तर माह्याजवळ एक आहे. चार तास भुकेली उभी राह्यली, आता माघार घेऊन ते चार तास वाया घालवू नको. मी सही करून राह्यली. पण खाली ते वृद्धा-फिद्धा खोड. नाव टाक. रुक्मिणीबाई दयाराम टिकार, फलाट चार, खामगाव. अन् दस्तीले रुमाल म्हणू नको."

"आजी, तुले वाईट वाटलं ना?"

"फोटोचं नाही."

ती पुढं काही विचारेल म्हणून थांबले. नाही विचारलं. हुशार पोट्टी आहे.

१७ फेब्रुवारी

सही केली. चौथीच्या अक्षरात, पूर्ण नाव. पाकीट महादेवरावांकडं दिलं. "पुन्हा पुणं? जोरात आहे तुमचं." मेहकरच्या गाडीपर्यंत बसले. एक म्हातारी बसली, कानानं बहिरी. बोलून घेतलं.

पिठलं, भाकर.

३ मार्च

काजलचा नंबर लागला. बत्तीसांतून एक. हरिओमनं फोन केला, सून संजीवनीनं केला, आशाबाईनं पेढे मागितले. डॉक्टरला दाखवायची वही आहे, म्हणून लिहिते: दोन पेढे खाल्ले, आणि पुन्हा खाईन.

काजलनं सांगितलं, लोक फोटोसमोर लय वेळ उभे राहत होते. एक बाई रडली, तिनं आपल्या आईला तिथूनच फोन लावला.

"काय बोलली आईसंगं?"

"माहीत नाही, ती बाहेर गेली."

कोलकात्याचे साहेब म्हणाले, या फोटोत पोरीनं घाई केली नाही. बरोबर आहे. घाई केली असती तर मला सकाळी दहालाच नात भेटली असती.

वर्षभर जाणार. मध्ये सुट्टी नाही. दिवाळीलाही नाही.

११ मार्च

भरीत. ऊन वाढलं. आता पंखा खरंच लागतो.

फोन दोन मिनिटं. तिची तयारी चालू आहे.

१९ मार्च

पुण्याहून कोलकात्याला जाणारी गाडी सकाळी शेगावला थांबते. दोन मिनिटं. काजल म्हणाली, येऊ नको, एवढ्या पहाटे कायले त्रास. मी म्हटलं, नाही येत.

पहिल्या एसटीनं शेगावला गेले. डब्यात धपाटे आणि ठेचा, तिची बोगी कुठं लागेल ते कुलीला विचारून घेतलं. गाडी तासभर उशिरा होती, सात वाजून गेले. मी बाकावर बसून होते. गाडी लागली, तेव्हा ती दारातच उभी दिसली. म्हणजे मी येणार हे तिला माहीत होतं.

मी ओरडले, "उतरू नको, तिथूनच घे!"

तिनं डबा घेतला, आत ठेवला, आणि उतरली. काही बोलली नाही. सरळ माझ्या बाकाजवळ आली आणि बसली. कॅमेरा गळ्यात नव्हता. नुसती बसली, खांद्याला खांदा लावून. मी म्हटलं, उठ, गाडी सुटून राह्यली. म्हणाली, अजून एक मिनिट आहे. मी विचारलं, कोठी राहशील, जेवायचं काय, थंडी असते का तिकडं. म्हणाली, बोलू नको ना आजी थोडी.

मग आम्ही बोललो नाही.

शिटी झाली. धावत जाऊन चढली. शेवटचा डबा जाईपर्यंत दारातून दिसत होती, मग सिग्नलजवळ वळण आहे तिथं दिसेनाशी झाली.

खामगावची गाडी पावणेनऊला होती. तोपर्यंत तिथंच बसले. जागेत अजून ऊब होती, म्हणून दुसऱ्या कोणाला बस म्हटलं नाही.